अठराव्या वर्षाची रेघ, पंचावन्नाव्या वर्षाचा हात

मंडळी, हल्ली चित्रकारांमध्ये एक छान सवय दिसते. चौदा-पंधराव्या वर्षी वहीच्या मागच्या पानावर काढलेलं एखादं पात्र तिशीत पुन्हा काढायचं आणि दोन्ही शेजारी शेजारी मांडायची. बघणारा म्हणतो, वा, केवढी प्रगती! मला मात्र यात इतिहासाचा एक प्रश्न दिसतो. नवं चित्र आलं की जुन्याचं काय करायचं?

न्यूरेंबर्गच्या अल्ब्रेख्त ड्यूररने १४८४ साली, तेराव्या वर्षी, आरशात बघून स्वतःचं चित्र काढलं. चांदीच्या टोकाने काढलेलं. ही रेघ खोडता येत नाही, चुकली की चुकली. पुढे त्याने १४९३, १४९८ आणि १५०० मध्ये स्वतःला पुन्हा रंगवलं. तेव्हा तो पट्टीचा चित्रकार झाला होता. पण त्या पोरवयाच्या कागदाला त्याने हात लावला नाही. वर फक्त एक नोंद लिहिली, की हे मी लहान असताना आरशातून काढलं. तो कागद आजही व्हिएन्नाच्या अल्बर्टिना संग्रहालयात आहे.

आता जपानमध्ये येऊ, कारण तिथे हाच प्रश्न फार अवघड झाला. ओसामू तेझुका, जन्म १९२८. शाळेत असताना त्यांच्या एका मित्राने आपल्या आजोबांचं गमतीदार चित्र काढलं होतं, टक्कल आणि भरघोस मिशा. तेझुकांनी ते उचललं आणि त्यातून ‘हिगेओयाजी’, म्हणजे मिशीवाला म्हातारा, हे पात्र तयार झालं. हा म्हातारा त्यांनी आयुष्यभर पुन्हा पुन्हा काढला. कधी गुप्तहेर, कधी ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’मधला मास्तर. हात पिकत गेला तसा म्हाताराही बदलत गेला, आणि त्यात कुणाचं काही बिघडलं नाही. दर वेळी गोष्ट नवी होती ना!

बिघडलं ते दुसरीकडे. जानेवारी १९४७ मध्ये त्यांचं ‘शिन ताकाराजिमा’, म्हणजे ‘नवं खजिन्याचं बेट’, हे पुस्तक आलं. तेझुका अठरा वर्षांचे, वैद्यकीचे विद्यार्थी. गोष्टीची आखणी शिचिमा साकाई या ज्येष्ठ चित्रकाराची. युद्धानंतरचा तो भुकेला जपान, स्वस्त कागद, आणि पुस्तक लाखांच्या घरात खपलं. सुरुवातीलाच एक मुलगा मोटार भरधाव हाकत धक्क्याकडे निघतो. ती पानं वाचून शाळकरी पोरं वेडावली. पुढे ‘डोरेमॉन’ काढणारे फुजिको फुजिओ त्याच पोरांपैकी. चित्र हलतंय असं त्या पिढीला वाटलं.

खुद्द तेझुकांना मात्र ते पुस्तक नको होतं! पुढे कोदान्शा प्रकाशनाने त्यांचं समग्र साहित्य काढायला घेतलं, तेव्हा मूळ पुस्तक जसंच्या तसं छापायला ते तयार नव्हते. १९८४ मध्ये, पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी अख्खं पुस्तक पुन्हा काढलं.

तुम्ही म्हणाल, हा मोठ्या माणसाचा अहंकार. इतकं सोपं नाही ते. साकाईंनी त्यांची बरीच पानं गाळली होती, काही चेहरेही बदलले होते. आणि छपाई! त्या काळच्या या स्वस्त पुस्तकांत चित्रकाराचं चित्र थेट छापलं जात नसे. कारागीर ते हाताने गिरवून छपाईचा साचा तयार करायचा. म्हणजे १९४७ च्या पानावरची रेघ पूर्णपणे तेझुकांची नाहीच. ती कुण्या अनाम कारागिराने गिरवलेली आहे. आपल्या नावावर दुसऱ्याचा हात मिरवतोय, हे एखाद्या चित्रकाराला किती डाचत असेल? मला विचाराल तर पुन्हा काढण्याचा त्यांना पूर्ण हक्क होता.

हरकत माझी एवढीच, की जुन्याच्या शेजारी नवं आलं नाही, जुन्याच्या जागी आलं. नव्या आवृत्तीत तो मोटारीचा प्रसंग जास्त चौकटींमध्ये फुलवलेला आहे, अगदी सिनेमासारखा. मूळ पुस्तक सामान्य वाचकाला सहजी मिळत नव्हतं. मग १९८४ ची पानं बघून लोक म्हणणार, पाहा, १९४७ मध्येच या माणसाने सिनेमा कागदावर आणला! चार दशकांच्या अनुभवाचं श्रेय अठरा वर्षांच्या पोराला. आणि त्या पोराने खरंच जे केलं होतं, तीन तीन आडव्या चौकटींच्या साध्या पानांत वेग आणला होता, ते कुणाला दिसणार नाही.

तेझुका १९८९ मध्ये गेले. मूळ पुस्तकाची हुबेहूब प्रत २००९ साली बाजारात आली. आता दोन्ही मांडीवर घेऊन बसता येतं. जुन्यातली मोटार जरा खेळण्यातली वाटते, रेघ कुठे कुठे जाड झालीय, कारागिराचा हात तिथे कळतो. तरी पान उलटताना ती पळते.