फेर्राराच्या तिघी

आज आम्ही तुम्हाला इटली देशातल्या फेर्रारा या शहरात घेऊन जाणार आहोत. काळ सुमारे साडेचारशे वर्षांपूर्वीचा. तिथल्या राजवाड्यात तीन बायका जवळपास रोज एकत्र बसून गायच्या आणि वाजवायच्या. एका खोलीत मावतील एवढेच ऐकणारे. अशा बैठकीच्या संगीताला युरोपात चेंबर म्युझिक म्हणतात.

या तिघी कोण होत्या? लाउरा पेवेरारा गायची आणि हार्प वाजवायची. हार्प म्हणजे मोठ्या चौकटीत उभ्या ताणलेल्या तारांचं वाद्य. आपलं स्वरमंडळ उभं करून खूप मोठं केलं, तर थोडीफार कल्पना येईल. आन्ना ग्वारिनीच्या हातात ल्यूट असायचं, म्हणजे फुगीर पोटाचं, बोटांनी छेडायचं तंतुवाद्य. लिविया द'आर्को गजाने व्हायोल वाजवायची. पुढे तारक्विनिया मोल्झा ही विदुषीही त्यांच्यात आली. तीही व्हायोल वाजवायची.

हे सुरू कसं झालं? फेर्राराचा राजा, म्हणजे ड्यूक आल्फोन्सो, पंचेचाळीस वर्षांचा होता. १५७९ साली त्याने तिसरं लग्न केलं. नवी राणी मार्गेरिता फक्त चौदा वर्षांची. तिला गाण्याची आणि नाचाची फार आवड. त्याआधी दरबारातल्या थोरामोठ्यांच्या बायका हौस म्हणून गात. आता राजाने मुद्दाम गाणाऱ्या बायका शोधून आणल्या. कागदावर त्यांचं पद राणीच्या सखीचं होतं. खरं काम मात्र गाण्याचं. त्यासाठी त्यांना पगार मिळे. लग्नाच्या वेळी राजाने हुंडाही दिला.

आता आम्हाला यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सांगायची आहे. लिविया आली तेव्हा अगदी कोवळी मुलगी होती. तिघींमध्ये गायला बसण्याआधी तिला काही वर्षं शिकावं लागलं. राजदरबारचे संगीतकार लुझ्झास्को लुझ्झास्की त्यांच्यासाठी गाणी रचायचे आणि सोबत हार्पसिकॉर्ड हे पट्ट्यांचं वाद्य वाजवायचे. गाणी साधी नव्हती. दोघी किंवा तिघी एकाच वेळी भरभर ताना घेत. एकीने घाई केली की सगळं विस्कटलं. म्हणून ताना आधी ठरवलेल्या, पाठ केलेल्या असत. राजाने एका पाहुण्या संगीतकाराला वही दाखवली, तर त्यात सगळ्या ताना बारकाईने लिहिलेल्या होत्या. ऐकणाऱ्याला वाटे, हे सहज सुचलंय. त्यामागे रोजचे तासन् तास होते.

भजनी मंडळात गाणाऱ्या आपल्यापैकी अनेकींना हे वेगळं सांगायला नको. दुसरीचा श्वास कुठे संपतो हे कळायला लागलं की मगच सूर जुळतो.

त्यांची कीर्ती पसरली. तास्सोसारख्या मोठ्या कवीने लाउरावर कविता केल्या. मांतुआ आणि फ्लोरेन्सच्या दरबारांनीही आपापल्या गायिका जमवल्या. दरबारात गाणं हे बायकांचं कसबाचं काम ठरू लागलं, त्याला या तिघींनी मोठा हातभार लावला.

पण त्यांचं गाणं राजाच्या मुठीत होतं. बैठकीला कोण बसणार, ते राजा ठरवी. त्यांच्यासाठी रचलेली ती गाणी तो हयात असेपर्यंत छापली गेली नाहीत. १५८९ साली तारक्विनियाचं नाव एका संगीतकाराशी जोडलं गेलं, आणि तिला दरबार सोडावा लागला.

१५९७ साली राजा वारला. त्याला औरस वारस नव्हता, त्यामुळे १५९८ च्या सुरुवातीला फेर्रारा पोपच्या ताब्यात गेलं. दरबार मोडला. त्याच वर्षी आन्नाच्या नवऱ्याने तिच्यावर संशय घेऊन तिचा खून केला. त्याला मदत केली ती आन्नाच्या सख्ख्या भावाने.

हे वाचताना आम्ही थांबलो. जिच्या गाण्याचं कौतुक मोठमोठ्या पाहुण्यांनी केलं, तिला तिच्या कलेने मान दिला, पैसा दिला. पण तिच्या घरात तिचा जीव सुरक्षित नव्हता. हुनर आणि कमाई हवीच, आम्ही गटात नेहमी तेच म्हणतो. पण तेवढ्याने भागत नाही. घरात बाईच्या शब्दावर विश्वास हवा आणि दाराबाहेर तिच्या बाजूने उभं राहणारं कुणीतरी हवं. एका राजाची मर्जी हा काही आधार नव्हे.

१६०१ साली लुझ्झास्कींनी ती गाणी रोममध्ये छापली. एका, दोन आणि तीन उंच आवाजांसाठीची ती गाणी आजही जगभर बायका बसून गातात. ताना लिहिलेल्या आहेत, त्यामुळे या तिघींचा गळा किती तयार होता हे आज वाचूनही कळतं. मोदेना शहराच्या संग्रहालयात त्या राजघराण्याचं रंगवलेलं, सोनेरी नक्षीचं हार्प जपून ठेवलंय. लोक त्याला लाउराचं हार्प म्हणतात.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत एवढं करा. तुमच्या गावात कोण कोण गायची, कोण ओव्या रचायची, कोणाचा आवाज सगळ्यांना हवासा वाटायचा, ते आठवा. त्यांची नावं गटाच्या वहीत लिहून ठेवा. अमक्याची आई, तमक्याची सून असं नको. तिचं स्वतःचं नाव लिहा.