परसातलं अनोळखी झाड आणि रामाचं फळ

आजचा विषय आमच्याच परसातला. कोल्हापुरात आम्ही जुनं घर घेतलं, तेव्हा मागे एक झाड होतं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "सीताफळ हाय ते." आई म्हणाली, रामफळ. बाबांना तिथं गाडी लावायची होती. ते म्हणाले, "फळ धरत नसेल तर काढूया." मी ॲपला पानाचा फोटो दाखवला, तर त्यानं दोन्ही नावं दिली! म्हटलं, तोडायच्या आधी एक हंगाम थांबू.

ॲपचंही बरोबरच होतं म्हणा. दोन्ही झाडं ॲनोना या एकाच प्रजातीतली. रामफळाचं पान जरा लांब, पण नुसत्या पानावर फसायला होतं. खरी ओळख फळात. सीताफळाला डोळे असतात, पिकलं की ते सुटे होतात. रामफळाची साल सलग, तांबूस, वर जाळीसारख्या रेघा. लिनियसनं 1753 मध्ये नावं दिली तीही यावरूनच: स्क्वामोसा म्हणजे खवल्यांचं, रेटिक्युलाटा म्हणजे जाळीचं. शिवाय सीताफळ येतं पावसाळ्याच्या शेवटी, रामफळ रामनवमीच्या आगेमागे.

आता गंमत बघा. राम आणि सीता अशी नावं, म्हणजे झाडं इथलीच असणार, असं आपल्याला वाटतं. अलेक्झांडर कनिंगहॅमलाही तसंच वाटलं होतं. भारहूतच्या स्तूपावरच्या शिल्पांत, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या दगडात, त्याला सीताफळ दिसलं. पण वनस्पतिशास्त्रज्ञ द कांदोल यांना ते पटलं नाही. त्यांचा मुद्दा साधा होता: या झाडांचे बहुतेक सगळे रानटी भाऊबंद अमेरिकेत सापडतात, मग मूळ घरही तिकडचंच. आज सर्वसाधारणपणे हेच मानलं जातं. पेरू, पपई, काजूसारखीच ही झाडंही पोर्तुगीजांच्या काळात जहाजानं इकडे आली.

याचा एक माग नावातच आहे. 1678 ते 1693 दरम्यान ॲमस्टरडॅमला 'हॉर्टस मलबारिकस'चे 12 खंड छापले गेले. त्यात मलबारच्या झाडांमध्ये ही दोन्ही आहेत, 'आत्त' आणि 'अनोना' या नावांनी. म्हणजे केरळात परदेशी नावं टिकली, आणि आपण मात्र त्यांना थेट रामायणातली नावं देऊन घरचं करून टाकलं.

आमच्या झाडाचं काय झालं? मार्चमध्ये फांदीला तीन फळं दिसली. तांबूस, गुळगुळीत, जाळीवाली. आई जिंकली! बाबांनी पहिलं फळ खाल्लं आणि गाडीचा विषय परत काढला नाही. गाडी अजून रस्त्यावरच आहे.

तुमच्याकडेही असं अनोळखी झाड असेल, तर पान, फूल, फळ तिन्हींचे फोटो काढून ठेवा. नाहीच कळलं तर फुलाफळासकट फांदी घेऊन शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात विचारा. पण कुऱ्हाड लावायच्या आधी एक वर्ष तरी थांबा. भेटू पुढच्या भागात!