गंजलेल्या पत्र्याला ठिगळ लावताना

जुनी मालवाहू गाडी विकत घेणारा मनुष्य बहुधा इंजिनाचा आवाज ऐकतो, टायरची नक्षी पाहतो आणि रंगाच्या चकाकीवर समाधान मानतो. पत्र्याकडे त्याचे लक्ष जाते ते पहिल्या पावसाळ्यानंतर. दरवाजाच्या तळाशी रंगाला फोड येतात, बोट लावताच पापुद्रा निघतो आणि आत तपकिरी भुगा दिसू लागतो. मग कोणीतरी लांबी भरून वरून रंग मारून देतो आणि पुढच्या पावसाळ्यात तोच फोड दुप्पट आकाराने पुन्हा उगवतो.

१९८६ साली रस्त्यावर आलेल्या टाटा ४०७ सारख्या छोट्या ट्रकने भाजीपाला, दूध, वाळू आणि मासळी वाहत आपल्याकडे अनेक कुटुंबांचा संसार चालविला आहे. अशी जुनी गाडी स्वतःच्या हाताने दुरुस्त करण्याची हौस आता शहरांतील तरुणांमध्येही दिसते. पत्राकाम शिकता येण्याजोगे आहे. मात्र त्यातील पहिला धडा हातोडीचा नसून पारखण्याचा आहे. कोणता पत्रा वाचवायचा, कोणता कापून टाकायचा आणि कोणत्या भागाला नवशिक्याने हातच लावायचा नाही, हे आधी ठरवावे लागते.

गंजाची जात

लोखंड, पाणी आणि प्राणवायू एकत्र आले की गंज तयार होतो. पाण्यात मीठ असेल तर ही प्रक्रिया फार वेगाने होते. म्हणूनच कोकण किनाऱ्यावर फिरणाऱ्या आणि विशेषतः बर्फातील मासळी वाहणाऱ्या गाड्यांचा पत्रा देशावरील गाड्यांपेक्षा लवकर खचतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो. त्यामुळे तो रंगाला आतून उचलतो आणि दोन पत्र्यांच्या जोडात शिरला तर जोडच फाकवितो.

गंजाच्या तीन अवस्था मानता येतील. पहिल्या अवस्थेत तो केवळ पृष्ठभागावर असतो आणि घासल्यावर खाली चकचकीत पोलाद लागते. दुसऱ्या अवस्थेत पत्र्याला देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडतात. तिसऱ्या अवस्थेत आरपार भोक पडते. येथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. बाहेरून नाण्याएवढे दिसणारे भोक आतल्या बाजूने बहुधा तळहाताएवढे असते, कारण दरवाजासारख्या पोकळ भागात गंज आतून बाहेर येतो.

कोठे पाहावे?

दरवाजाच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी बारीक छिद्रे असतात. ती मातीने बुजली की दरवाजात पाणी साचते. पायरी, मडगार्डची आतील कड, पुढच्या काचेच्या रबराखालची खाच, बॅटरीखालचा पत्रा आणि केबिनमधील रबरी चटईखालची जमीन ही गंजाची आवडती ठिकाणे होत. मागच्या हौद्यात लाकडी फळ्या असतील तर त्यांच्याखाली ओल टिकून राहते.

तपासणीसाठी महागडी साधने लागत नाहीत. छोट्या हातोडीने हलके टिचकावत जावे. चांगला पत्रा खणखणतो, तर खाल्लेला पत्रा बद्द वाजतो. संशयित जागी स्क्रू ड्रायव्हरचे टोक दाबून पाहावे. आधीच्या मालकाने लांबीचा जाड थर दिला असेल तर तेथे लोहचुंबक नीट चिकटत नाही.

नवशिक्याची सीमा

दरवाजाची बाहेरची बाजू, मडगार्ड, बॉनेट, हौद्याचे बाजूचे पत्रे हे भाग शिकण्यास योग्य होत. तेथे चूक झाली तर गाडी फार तर कुरूप दिसेल. पण चासी, केबिन जेथे चासीवर बसते ते आधार, काचेच्या दोन्ही बाजूंचे खांब, बिजागऱ्यांच्या जागा, तसेच सीट आणि सीटबेल्ट यांचे बोल्ट ज्या पत्र्यात असतात तो पत्रा या सर्वांवर माणसाचा जीव अवलंबून असतो. तेथे गंज आढळला तर काम अनुभवी वेल्डरकडेच सोपवावे. या जागी लांबी भरणे म्हणजे पुढच्या चालकाला फसविणे होय.

आधी सुरक्षितता

काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची ऋण तार सोडवावी. ठिणग्या उडणार असतील तर डिझेलची टाकी, नळ्या, रबर आणि सीटचा फोम तेथून दूर करावेत आणि जवळ अग्निशामक नळकांडे ठेवावे. डोळ्यांना चष्मा, हातात चामडी मोजे आणि नाकातोंडाला धुळीचा योग्य मास्क असावा.

जुन्या रंगाच्या बाबतीत विशेष सावध राहावे लागते. पिवळ्या, नारिंगी, लाल अशा भडक छटांमध्ये शिशाची संयुगे वापरली जात असत. घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशावर भारतात नोव्हेंबर २०१७ पासून कडक मर्यादा आली, पण त्या नियमांचा रोख वाहनांच्या रंगांकडे नव्हता. म्हणून जुना रंग कोरडा घासून धूळ उडवू नये. वॉटर पेपरने ओला घासावा किंवा रंग काढण्याचे रसायन वापरावे, आणि लहान मुलांना त्या जागेपासून दूर ठेवावे. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा वेल्डिंगपूर्वी कडेने घासून घ्यावा, कारण जस्ताच्या धुराने ताप भरतो.

पोचा कसा काढावा?

पोचा पडतो तेव्हा पत्रा आत दबतो आणि त्याच्या कडेला एक उंचवटा उठतो. नवशिका मनुष्य थेट खोलगट भागावर मागून घाव घालतो आणि पत्रा ताणून बसतो. ताणलेला पत्रा नंतर डब्याच्या झाकणासारखा टकटक आत-बाहेर होतो आणि कितीही ठोकले तरी स्थिर राहत नाही. खरी रीत उलट आहे. आघातात जे शेवटी घडले ते आधी सोडवावे, म्हणजे कडेचा उंचवटा प्रथम आणि मधला खोल भाग शेवटी.

यासाठी सपाट तोंडाची हातोडी आणि हातात मावणारा घडीव पोलादी ठोकळा, म्हणजे डॉली, एवढे पुरते. डॉली मागच्या बाजूने खोलगट भागाखाली घट्ट दाबून धरावी आणि हातोडीचे हलके घाव शेजारच्या उंचवट्यावर द्यावेत. उंचवटा बसत जातो तसा खोल भाग डॉलीच्या दाबाने वर येतो. डॉलीच्या बरोबर वर घाव घालण्याची पद्धतही आहे, पण तिने पत्रा पातळ होऊन पसरतो. म्हणून ती शेवटच्या बारीक सारवासारवीपुरतीच ठेवावी. पन्नास हलके घाव पाच जोरदार घावांपेक्षा बरे. मधूनमधून तळहात फिरवून पाहावे. डोळ्याला न दिसणारा उंचसखलपणा हाताला कळतो.

गंज कापणे आणि ठिगळ

पृष्ठभागावरील गंज तारेचा ब्रश, ग्राइंडर आणि ८० नंबरच्या पॉलिश पेपरने काढावा. ग्राइंडर एकाच जागी टेकवून ठेवला तर पत्रा तापून वाकतो. खड्ड्यांत उरलेल्या गंजावर फॉस्फोरिक आम्ल असलेले द्रावण उपयोगी पडते. ते गंजाचे फॉस्फेटमध्ये रूपांतर करते. मात्र डब्यावरील सूचनेनुसार ते धुऊन पूर्ण वाळवावे, नाही तर वरचा थर धरत नाही.

भोक पडले असेल तर कापण्यावाचून गत्यंतर नाही. चांगले, पूर्ण जाडीचे पोलाद लागेपर्यंत मागे जावे, मग तुकडा अपेक्षेपेक्षा मोठा निघाला तरी चालेल. आधी पुठ्ठ्याचा नमुना करावा आणि त्यावरून ठिगळ बेतावे. कोपरे गोल ठेवावेत. मूळ पत्र्याइतक्याच जाडीचे पोलाद घ्यावे. २० गेजचा पत्रा सुमारे ०.९ मिलिमीटर आणि १८ गेजचा सुमारे १.२ मिलिमीटर जाड असतो.

साध्या आर्क वेल्डिंगने इतका पातळ पत्रा सहज जळून भोक पडते. गॅरेजमध्ये ज्याला सीओटू वेल्डिंग म्हणतात ते बारीक तारेचे वेल्डिंग येथे योग्य. सलग रेघ ओढू नये. एक टाका येथे, दुसरा समोरच्या कडेला, असे विखरून टाके मारावेत, मधल्या वेळात पत्रा निवू द्यावा आणि मग हळूहळू अंतरे भरून काढावीत. घाई केली तर उष्णतेने सारा पत्रा लाटांसारखा वळतो. निवासी सोसायटीच्या वाहनतळात हे काम करणे धोक्याचे. ठिगळ घरी बेतून टाके मात्र परिचित वेल्डरकडून मारून घेणे हा नवशिक्यासाठी शहाणपणाचा मार्ग होय.

लांबीचे खरे काम

लांबी ही वाईट वस्तू नव्हे, तिचा वापर वाईट होतो. पॉलिस्टर राळ आणि शंखजिऱ्याची भुकटी यांचे हे मिश्रण पाणी शोषते. म्हणून भोकावर किंवा गंजावर ती लावली की ओल धरून ठेवते आणि पत्रा झाकलेल्या जागी सडत राहतो. स्वच्छ, खरबरीत केलेल्या पोलादावर शेवटचा मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा फरक मिटविणे एवढेच तिचे काम. थर ३ मिलिमीटरहून जाड होत असेल तर हातोडी पुन्हा हाती घ्यावी. १०० ग्रॅम लांबीला साधारण २ ग्रॅम हार्डनर पुरतो. उन्हाळ्यात मिश्रण काही मिनिटांतच आवळते, म्हणून थोडेथोडेच कालवावे.

अस्तर, रंग आणि आतील बाजू

उघडे पोलाद दमट हवेत काही तासांतच पुन्हा लालसर होते. यास्तव घासलेल्या भागाला त्याच दिवशी अस्तर द्यावे. इपॉक्सी प्रायमर ओल अडविण्यात सरस ठरतो. रेड ऑक्साइड स्वस्त आहे, पण केवळ त्यावर गाडी महिनोन्‌महिने पावसात उभी ठेवली तर त्यातून ओल झिरपते. पावसाळी हवेत रंगकाम टाळावे, कारण लवकर वाळणारे रंग दमटपणात पांढुरके पडतात. दोन घटकांच्या पीयू रंगाच्या फवाऱ्यातील आयसोसायनेट श्वसनमार्गास घातक असतात आणि साध्या मास्कने अडत नाहीत. तो फवारा रंगशाळेतच मारून घ्यावा.

बहुतेक जण येथेच थांबतात आणि मुख्य गोष्ट राहून जाते. ठिगळाची मागील बाजू वेल्डिंगच्या उष्णतेने उघडी पडलेली असते. तेथे अस्तर द्यावे, जोड सीलंटने बुजवावेत, पोकळ भागात गंजरोधक मेण फवारावे आणि पाणी निघण्याची छिद्रे मोकळी आहेत याची खात्री करावी.

कायद्याचीही बाजू आहे. आठ वर्षांहून जुन्या व्यावसायिक वाहनाला दरवर्षी योग्यता तपासणीस सामोरे जावे लागते. गाडीचा रंग बदलल्यास प्रादेशिक परिवहन कार्यालयात नोंद करून घ्यावी आणि चासीवर कोरलेला क्रमांक कधीही घासू वा झाकू नये.

पहिल्या ठिगळाला सुबकपणा येणार नाही, जवळून पाहणाऱ्याला सांधा दिसेलही. त्याने खंत वाटू देऊ नये. दोन पावसाळे उलटल्यावर त्या जागी फोड आला नाही, तर काम साधले असे समजावे.