तांबट आळीपासून यंत्रमागापर्यंत : गोंगाट आणि कान

भिवंडीसारख्या गावात शिकवणाऱ्या शिक्षकांना पालकसभेत काही पालक नको तितक्या मोठ्या आवाजात बोलताना आढळतात. प्रश्न विचारला तर ते 'काय?' म्हणून पुन्हा विचारतात. कधी एकच विचारावे आणि उत्तर भलतेच मिळावे असेही होते. आपण मनाशी म्हणतो, लक्ष नाही, किंवा भाषा कळत नसावी. पण असा पालक पंधरा-वीस वर्षे यंत्रमागावर उभा राहिलेला असेल, तर आणखी एक शक्यता तपासायला हवी. त्याला आपला आवाज ऐकू येतो, पण शब्द ऐकू येत नाहीत.

गोंगाटाने कान निकामी होतात, हे माणसाला केव्हा कळले? उत्तर थोडे अस्वस्थ करणारे आहे. हे कळून तीनशेहून अधिक वर्षे झाली.

इटलीतील वैद्य बर्नार्दिनो रामाझिनी यांनी १७०० साली कारागिरांच्या रोगांवर एक ग्रंथ लिहिला. त्याच्या १७१३ च्या वाढवलेल्या आवृत्तीत व्हेनिसमधल्या तांबटांचे वर्णन आहे. हे सारे तांबट एकाच भागात राहत आणि दिवसभर हातोड्याने तांबे ठोकत. त्यांचे कान हळूहळू मंद होतात आणि म्हातारपणी ते ठार बहिरे होतात, असे रामाझिनींनी नोंदवले. पुण्याच्या तांबट आळीतून गेलेल्या कोणालाही हे वर्णन परके वाटणार नाही. पुढे १८३१ मध्ये इंग्लंडमधील जॉन फॉसब्रोक यांनी लोहारांच्या बहिरेपणाविषयी लिहिले. हे बहिरेपण एकाएकी येत नाही, ते वर्षानुवर्षे साचत जाते, हा त्यांच्या निरीक्षणाचा गाभा होता.

मात्र ही निरीक्षणे होती, मोजमाप नव्हते. ते काम ग्लासगोचे डॉक्टर टॉमस बार यांनी १८८६ मध्ये केले. त्यांनी शंभर बॉयलर बनवणारे, शंभर लोखंडाचे ओतकाम करणारे आणि शंभर पोस्टमन तपासले. साधन काय, तर खिशातले घड्याळ! टिकटिक किती अंतरावरून ऐकू येते, हे त्यांनी प्रत्येकाच्या बाबतीत मोजले. सभेत वक्त्याचे बोलणे ऐकायला अडचण येणारे पोस्टमनांत ८ टक्के, ओतकाम करणाऱ्यांत १२ टक्के, आणि बॉयलर बनवणाऱ्यांत ७५ टक्के निघाले. तुलनेसाठी शांत धंद्यातला एक गट घ्यायचा, ही युक्ती विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. वय सर्वांचेच वाढते. फरक पडला तो धंद्यामुळे, हे तिच्यामुळेच सिद्ध झाले.

घड्याळाची निवडही योग्य ठरली. टिकटिकीत उच्च वारंवारतेचे ध्वनी असतात, आणि गोंगाट प्रथम तेच ऐकण्याची शक्ती हिरावून घेतो. आपल्या अंतर्कर्णात शंखासारखी वेटोळी नळी असते. तिच्यातल्या सूक्ष्म केसपेशी ध्वनीच्या कंपनांचे मज्जासंदेशांत रूपांतर करतात. सततच्या दणक्याने या पेशी थकतात. पाळी संपल्यावर कान बंद झाल्यासारखे वाटतात, आत गुणगुणते. विश्रांतीनंतर बरे वाटते, आणि कारागीर समजतो की झाले, सवय झाली. प्रत्यक्षात काही पेशी कायमच्या मरतात, आणि माणसाच्या कानात त्या पुन्हा उगवत नाहीत. नुकसान बहुधा ४००० हर्ट्झच्या आसपास सुरू होते. स्वर खालच्या वारंवारतेचे असतात, ते टिकून राहतात. स, त, थ, छ यांसारखी व्यंजने मात्र हरवतात. मग 'साप', 'ताप', 'थाप' आणि 'छाप' यांतला 'आप' तेवढा उरतो. पालकसभेतला घोटाळा होतो तो इथे.

आता यंत्रमागाकडे वळू. जॉन के यांनी १७३३ मध्ये झटक्याने फेकला जाणारा धोटा आणला आणि एडमंड कार्टराइट यांनी १७८५ मध्ये यंत्रमागाचे पेटंट घेतले. या मागात लाकडी दांडी धोट्याला जोराचा फटका देते. धोटा ताण्याच्या धाग्यांतून पलीकडे जातो आणि पेटीत आदळून थांबतो. हे मिनिटाला शंभराहून अधिक वेळा घडते. लँकेशायरच्या विणकरांनी या आवाजावर तोड म्हणून ओठांच्या ठळक हालचालींची एक बोलीच तयार केली होती. स्कॉटलंडमधील डंडी गावात बंगालहून आलेला ताग विणला जाई. तिथल्या विणकर स्त्रियांच्या श्रवणाचा अभ्यास १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या दहा-पंधरा वर्षांत उच्च वारंवारतेचे श्रवण झपाट्याने घसरते आणि पुढे नुकसान बोलण्याच्या पट्ट्यात शिरते, असे त्यात दिसले.

हाच धोट्याचा माग भिवंडीत आहे. १८५७ नंतर उत्तर भारतातून आलेल्या मोमीन विणकरांनी इथे हातमागाचा धंदा वाढवला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हातमागाच्या जागी यंत्रमाग येऊ लागले. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. गिरण्या थंडावल्या आणि विणकाम मोठ्या प्रमाणावर भिवंडीकडे सरकले. मागांची संख्या लाखांत गेली. कापड भिवंडीत आले, त्याबरोबर गोंगाटही आला. पण मोठ्या गिरणीला लागू होणारी कायद्याची देखरेख मात्र मागेच राहिली. १९४८ चा कारखाना कायदा, विजेवर चालणाऱ्या जागी दहा कामगार असतील तर लागू होत असे. २०२० च्या संहितेने ही मर्यादा वीस केली. लहान लहान शेडमध्ये विखुरलेला धंदा या आकड्याखाली सहज राहतो. १९४८ च्या कायद्याच्या अनुसूचीत गोंगाटजन्य बहिरेपणाचे नाव होते, पण त्या नावाचा शेडमधल्या कारागिराला उपयोग काय?

थोडे गणित करू. आपल्याकडील कारखाना नियमांनुसार ९० डेसिबेलमध्ये आठ तास काम करता येते. पुढे दर ५ डेसिबेलला वेळ निम्मा होतो : ९५ ला चार तास, १०० ला दोन तास. धोट्याच्या मागांच्या शेडमध्ये आवाज साधारण १०० डेसिबेलच्या आसपास असतो आणि पाळी असते बारा तासांची. म्हणजे मर्यादेच्या सहापट. अधिक काटेकोर मानके ८५ डेसिबेलला आठ तास देतात आणि दर ३ डेसिबेलला वेळ निम्मा करतात. त्या हिशेबाने १०० डेसिबेलमध्ये फक्त १५ मिनिटे! हा हिशेब मुलांकडून फळ्यावर जरूर करून घ्यावा.

कान हा हिशेब ठेवताना आवाज कुठला, हे पाहत नाही. पाळी सुटल्यावर तरुण कारागीर मोटारसायकलवर बसतो आणि माणकोली नाक्यावरून मुंबई-नाशिक महामार्गाला लागतो. ताशी साठ-पासष्ट किलोमीटरच्या पुढे हेल्मेटच्या आत वाऱ्याचा आवाज ९० डेसिबेलच्या घरात जातो, ताशी ११० ला शंभराच्या पुढे. हेल्मेट डोके वाचवते, म्हणून ते घातलेच पाहिजे. पण वाऱ्याच्या या घोंगावण्यापासून ते कान फारसे वाचवत नाही. थकलेल्या केसपेशींना विसाव्याच्या वेळी दुसरा डोस मिळतो. आपल्यापैकी जे शिक्षक रोज महामार्गाने शाळा गाठतात, त्यांनाही हे लागू आहे.

उपाय काय? पहिला उपाय आवाजाच्या उगमाशी हवा : धोटा नसलेले माग, झिजलेल्या भागांची दुरुस्ती, मागाखाली कंपन शोषणाऱ्या गाद्या. हे मालकाचे काम आहे. तोवर कारागिराच्या कानात काहीतरी हवे. कापसाच्या गावात कापूस हाताशी असतो, पण कोरड्या कापसाचा बोळा फार थोडा आवाज अडवतो. १९७० च्या दशकापासून मिळणारे फोमचे इअरप्लग त्याहून कितीतरी चांगले. ते बोटांनी बारीक वळायचे, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढायचा, प्लग आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत धरून ठेवायचा. नीट बसलेल्या प्लगने पंधरा डेसिबेल जरी कमी झाले, तरी १०० चे ८५ होतात. मागाचा बिघाड ऐकू येणार नाही आणि कापडाची मजुरी बुडेल, ही कारागिराची भीती खोटी म्हणून उडवून लावू नये. प्लग गोंगाट आणि इशारा दोन्ही सारखेच खाली आणतो, त्यामुळे इशारा गोंगाटात अधिक बुडत नाही. दोन-चार दिवसांत कान त्याला सरावतो. महामार्गावरच्या हॉर्नचेही तसेच. मात्र ज्याचे श्रवण आधीच बरेच गेले आहे, त्याने डॉक्टरांना विचारूनच प्लग निवडावा.

वर्गात दोन गोष्टी करता येतील. एक : हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलताना आवाज चढवावा लागतो अशा जागांची यादी मुलांनी करावी. अशा ठिकाणी आवाज बहुधा ८५ डेसिबेलच्या वर असतो. दोन : बार यांची घड्याळाची चाचणी मुलांनी शांत खोलीत घरच्यांवर करून पाहावी. ही वैद्यकीय तपासणी नव्हे. पण सगळ्यांना टिकटिक ऐकू येते आणि वडिलांना घड्याळ कानाशी धरूनही येत नाही, असे दिसले तर त्यांनी कानाच्या डॉक्टरांकडे जावे.

गेलेले श्रवण परत आणता येत नाही. पण त्याच घरातला मुलगा उद्या मागावर उभा राहणार असेल, तर त्याचे कान अजून शाबूत आहेत.