सरकारची चाळ

‘घर पाहावे बांधून’ ही म्हण ज्याने प्रचारात आणली, त्याने सरकारला घरे बांधताना पाहिले नसावे. आपण घर बांधले तर कर्ज आपले, छपराची गळती आपली आणि शेजाऱ्यांचे टोमणेही आपलेच. सरकार बांधते तेव्हा पैसा एकाचा, आराखडा दुसऱ्याचा आणि राहणारा तिसराच! या तिघांचा मेळ कोठे बसला आणि कोठे फिसकटला, हे पाहायचे तर मुंबईच्या गिरणगावाइतकी चांगली शाळा मला दुसरी ठाऊक नाही.

या कथेची सुरुवात आजारातून होते. १८९६ च्या सप्टेंबरात डॉ. अकासिओ व्हिएगस यांना मांडवी भागात प्लेगचा रोगी आढळला. पाहता पाहता साथ पसरली आणि हजारो माणसे गावाकडे पळाली. कामकरी माणूस ज्या अंधाऱ्या खोल्यांत राहत होता, त्या सरकारला तेव्हा प्रथम नीट दिसल्या. १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. सरकारने आणि म्युनिसिपालिटीने त्याला जमिनी दिल्या; पण रोकड मात्र मुख्यतः कर्जाने उभारायची होती. मेख नेमकी येथेच होती. कर्जाला व्याज लागते आणि व्याजाला उत्पन्न. उत्पन्न येणार ते रुंद रस्त्यांच्या कडेच्या भूखंडांतून. गरिबाच्या खोलीतून ते कोठून येणार? म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट झाला, सँडहर्स्ट रोड झाला, दादर-माटुंग्याची टुमदार आखणी झाली. पण ज्यांच्या वस्त्या पाडल्या, त्यांतल्या अनेकांना शेजारच्या गल्लीत आणखी दाटीने बिऱ्हाड थाटावे लागले.

तरीही ट्रस्टने चाळी बांधल्या, हे नाकारून चालणार नाही. परळच्या बी. आय. टी. चाळ क्रमांक १ मधील ५० आणि ५१ या दोन खोल्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे बिऱ्हाड होते. १९२७ साली महाडचा सत्याग्रह झाला, तेव्हा ते तेथेच राहत होते. पुढे ते ‘राजगृहा’त गेले. ती दादरची हिंदू कॉलनीदेखील ट्रस्टच्याच आखणीतली. एकाच संस्थेने उभी केलेली ही दोन जगे! एका खोलीतून दुसऱ्या जगात जायला सामान्य भाडेकरूला मात्र पिढ्या लागत.

पहिल्या महायुद्धानंतर घरटंचाई असह्य झाली. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनी १९२० साली डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढले. संकल्प केला ५०,००० खोल्यांचा! पैशासाठी कर्ज काढले आणि शहरात येणाऱ्या कापसाच्या दर गासडीवर एक रुपया जकात बसवली. कल्पना वाईट नव्हती. ज्या कापसावर गिरणी चालते, त्यानेच गिरणीकामगाराच्या छपराला हातभार लावावा, यात न्याय होता. पण याच खात्याने बॅकबे भरण्याचेही काम अंगावर घेतले. त्यातील उधळपट्टीवर खुर्शेद नरिमन यांनी असा काही हल्ला चढवला की, सरकारला तोंड लपवणे कठीण झाले. घरांचा आकडाही सुमारे १६,००० वर थांबला. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ चाळी. दर चाळीत ८० खोल्या, दर खोली १६० चौरस फुटांची आणि संडास सामाईक.

आणि गंमत पाहा! घराला मोताद झालेल्या या शहरात त्यांतील कित्येक खोल्या आरंभी रिकाम्या राहिल्या. वरळी गिरण्यांपासून लांब, खोल्यांत उजेड-वारा बेताचा, आणि कामगाराच्या खिशाला भाडे जड. खर्च भरून निघेल एवढे भाडे मागावे तर माणूस येत नाही. माणूस यावा म्हणून भाडे उतरवावे तर तोटा येतो. तो तोटा अखेर सरकारने सोसला. भाडेकरू नव्हते तेव्हा कायदेभंगाच्या चळवळीत वरळीच्या काही चाळींचा तुरुंगही झाला होता. घर म्हणून बांधलेली इमारत तुरुंग म्हणून सहज चालली, यावर आराखडा करणाऱ्यांनी काय तो विचार करावा!

पुढे माणसे आली आणि या इमारतींचे नशीब पालटले. कोकणातल्या, घाटावरच्या गावांनी येथे खोल्या धरल्या. एका खोलीत पाळीपाळीने झोपणारे गावकरी, खानावळवाली मावशी, भजनी मंडळ, व्यायामशाळा, गणेशोत्सव आणि दिवाळीत एका दारातून दुसऱ्या दारात जाणारी फराळाची ताटे! यांपैकी एकही बाब खात्याच्या अंदाजपत्रकात नव्हती. सरकारने दिला होता केवळ सामाईक जाण्यायेण्याचा बोळ. माणसांनी त्याचे अंगण केले.

स्वातंत्र्यानंतर सरकारलाही थोडे शहाणपण आले. १९४८ साली हाऊसिंग बोर्ड स्थापन झाले. १९५२ साली केंद्र सरकारने औद्योगिक कामगारांच्या घरांसाठी योजना आखली. तीत राज्य सरकारांना आणि बोर्डांना खर्चाचा निम्मा भाग कर्ज म्हणून, तर निम्मा अनुदान म्हणून मिळू लागला. गरिबाच्या घराचा हिशेब केवळ भाड्यातून जमत नाही, ही गोष्ट कागदावर मान्य व्हायला प्लेगपासून पन्नासावर वर्षे लागली! १९५३ च्या कायद्याने कामगार कल्याणासाठी निधी उभा राहिला. त्या निधीतून चाललेल्या केंद्रांत वाचनालये आणि शिवणवर्ग चालले, कामगारांची नाटके रंगली. मला तर वाटते, खोल्यांवर खर्चलेल्या पैशांपेक्षा या किरकोळ पैशांनी माणसाला अधिक उभे केले.

आज त्या जुन्या चाळी पडत आहेत. १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीच्या ५५६ कुटुंबांना पुनर्विकासातील नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० च्या जागी ५०० चौरस फूट, आणि तेही मालकीचे! ज्यांनी चार पिढ्या सामाईक संडासापुढे रांग लावली, त्यांच्या या आनंदाला नाक मुरडण्याचा अधिकार कोणाला नाही. या खेपेस पैशाची वाटही निराळी आहे. त्याच जमिनीवर जादा घरे बांधून ती विकायची आणि त्यातून जुन्या भाडेकरूंची घरे उभी करायची. अनुदान आता तिजोरीतून न येता जमिनीच्या भावातून येते.

मात्र जुना हिशेब ध्यानात ठेवलेला बरा. ट्रस्टने व्याज मोजले, डिपार्टमेंटने खोल्या मोजल्या, आज आपण चौरस फूट मोजतो. घर मिळाल्यावर ते राखण्याचा दरमहाचा खर्च कोणी सोसायचा, आणि म्हाताऱ्याने दुपारी कोणाशेजारी जाऊन बसायचे, हे दोन प्रश्न मोजपट्टीत सापडत नाहीत. पहिल्याचे उत्तर सरकारने दिले पाहिजे. दुसऱ्याचे उत्तर चाळकऱ्यांनी एकदा स्वतःच दिले होते. त्यासाठी त्यांना दाराबाहेर हातभर जागा तेवढी लागली होती. उंच इमारतीचा आराखडा काढणाऱ्यांनी ती जागा कागदावर आधीच राखून ठेवावी.