गिरणगावाचा जीर्णोद्धार

जीर्णोद्धार हा शब्द जैन समाजास नवा नाही. जुन्या मंदिराचे काम काढावयाचे ठरले म्हणजे प्रथम मूलनायकाची प्रतिमा विधिपूर्वक अन्यत्र हलविली जाते, आणि काम पूर्ण होताच ती पुन्हा मूळ गाभाऱ्यात स्थापन केली जाते. प्रतिमा बाहेरच राहिली आणि गाभाऱ्यात दुसरेच काही मांडले गेले, तर त्यास कोणी जीर्णोद्धार म्हणणार नाही. मुंबईच्या कापडगिरण्यांच्या जमिनींचे १९९१ नंतर जे झाले, त्याचा इतिहास या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. या गिरण्यांच्या लठ्ठ्यावर, धोतरांवर आणि पॉपलीनवर समाजातील अनेक घराण्यांच्या पेढ्या उभ्या राहिल्या, हेही विसरून चालणार नाही.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली मुंबईतील पहिल्या कापडगिरणीची कंपनी स्थापन केली, आणि १८५६ मध्ये ताडदेव येथे तिचे उत्पादन सुरू झाले. पुढे अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१ ते १८६५) तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला व मुंबईच्या कापसास सोन्याचे मोल आले. जैन समाजातील थोर व्यापारी शेठ प्रेमचंद रायचंद यांचे नाव याच तेजीशी निगडित आहे, आणि १८६५ च्या मंदीशीही. मंदीची धूळ खाली बसल्यावर मात्र गिरण्यांची धुरांडी एकामागून एक उभी राहिली. परळ, लालबाग, भायखळा, शिवडी, वरळी, लोअर परळ हा सारा टापू ‘गिरणगाव’ या एकाच नावाने ओळखला जाऊ लागला.

कोकणातून व घाटावरून आलेला कामगार या गावात नुसता राबला नाही, तर त्याने ते वसविले. चाळीतील दहा बाय बाराच्या खोलीत एकाच गावचे दहा-पंधरा जण पाळीपाळीने झोपत. एकाची पाळी सुटे तेव्हा दुसऱ्याची भरे, आणि अंथरूण तेच असे. जेवण खानावळवाल्या बाईकडे, हिशेब पगाराच्या दिवशी. या खानावळवाल्या बायांना सावकाराच्या पाशातून सोडविण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. भजनी मंडळे, व्यायामशाळा, नाटकमंडळ्या, गणेशोत्सव, कामगार रंगभूमी, शाहिरांचे फड हे सर्व याच गल्ल्यांतून उभे राहिले. गिरणीचा भोंगा झाला की साऱ्या वस्तीचे घड्याळ लागे. ‘वस्ती निर्माण करणे’ हा शब्दप्रयोग आज बांधकामाच्या जाहिरातींतून सर्रास आढळतो, परंतु गिरणगावात तशी वस्ती शंभर वर्षांपूर्वीच निर्माण झालेली होती.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप विधिवत मागे घेतला गेलाच नाही. गिरण्या मात्र पूर्वीसारख्या पुन्हा चालल्या नाहीत. यंत्रे जुनी झाली होती, सरकीपासून सुतापर्यंतचा खर्च वाढला होता, आणि यंत्रमागाचे कापड स्वस्त पडत होते. येथे एक गोष्ट नमूद करणे प्रामाणिकपणाचे ठरेल. कापडबाजाराने या संपाचा शोक फार काळ केला नाही. मुंबईच्या गिरणीचा माल येईना, तेव्हा भिवंडी, मालेगाव व इचलकरंजी येथील माल गाठींनी येऊ लागला आणि दुकानांचे गल्ले पूर्ववत चालू राहिले. कामगाराचे साचे थांबले ते थांबलेच.

गिरणी बंद पडली तरी तिच्याखालची जमीन बंद पडत नाही. मुंबईत एकूण ५८ गिरण्या व त्यांखाली सुमारे सहाशे एकर जमीन होती. योगायोग असा की, या जमिनीचे भवितव्य ठरविणाऱ्या विकास नियंत्रण नियमाचा क्रमांकही ५८ च. १९९१ च्या या नियमानुसार जमिनीचा स्थूलमानाने एक-तृतीयांश भाग महापालिकेस मोकळ्या जागेसाठी, एक-तृतीयांश म्हाडास घरांसाठी आणि एक-तृतीयांश मालकास मिळावयाचा होता. मालकांना हा व्यवहार फायद्याचा वाटला नाही, म्हणून फारच थोडे पुढे आले. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्यांसाठी वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या समितीने १९९६ साली अहवाल दिला. एकेका गिरणीचा सुटा विचार न करता सर्व जमिनींचा एकत्रित आराखडा करावा, हे त्याचे सार होते. तो अहवाल अमलात आला नाही.

२००१ साली नियमात जो बदल झाला, तो हिशेबाच्या वहीत मांडूनच समजतो. वाटणी आता संपूर्ण जमिनीची राहिली नाही, तर ज्या जागेवर बांधकाम नव्हते तेवढ्याच मोकळ्या जागेची झाली. उदाहरणादाखल, दहा एकरांच्या गिरणीत आठ एकरांवर शेड व खाती असतील आणि दोन एकर मोकळे असतील, तर पूर्वी दहाचे तीन भाग पडले असते, नंतर दोनाचेच पडले. शेड पाडून मोकळी झालेली जमीन वाटणीत आली नाही. शब्द तोच राहिला, पण त्याचा अर्थ बदलताच शेकडो एकरांचा फरक पडला! मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये या अर्थाविरुद्ध निकाल दिला. सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २००६ रोजी तो फिरविला. दरम्यान २००५ मध्येच महामंडळाच्या गिरण्यांचे लिलाव झाले होते. त्यांपैकी मुंबई टेक्स्टाईल मिलच्या जागेस ७०२ कोटी, तर कोहिनूर मिल क्र. ३ च्या जागेस ४२१ कोटी रुपये आले.

ज्या लँकेशायरमधून मुंबईच्या गिरण्यांची यंत्रे आली, तेथील मँचेस्टर शहरातही हाच प्रसंग उद्भवला होता. ॲन्कोट्स भागातील अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील गिरण्या ओस पडल्या, त्यांच्या खिडक्यांतून झाडे उगवली. तथापि तेथे इमारती पाडल्या नाहीत. लाल विटांच्या भिंती राखून आत सदनिका केल्या गेल्या. नव्या सदनिकांत जुन्या कामगारांचेच वंशज राहावयास आले, असे अर्थातच नव्हे. पण तेथे मूळ कामगारांच्या कित्येक पिढ्या काळाआड गेल्या होत्या. मुंबईत जमिनीचे भाव ठरत होते तेव्हा कामगार जिवंत होता आणि समोरच्याच चाळीत राहत होता.

गिरणगावात बव्हंशी उरले ते एखादे धुरांडे. त्याभोवती मॉल, कचेऱ्या, उपाहारगृहे आणि चाळीस-पन्नास मजली मनोरे झाले. दादरच्या इंदू मिलच्या जागेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या स्मारकाचे भूमिपूजन २०१५ साली झाले, हा एक अपवाद. बाकी रस्ते तेच, पूल तेच, आणि माणसे कितीतरी पट. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ जण मृत्यू पावले. तीनच महिन्यांनी, २९ डिसेंबर रोजी, कमला मिलच्या आवारातील गच्चीवरच्या उपाहारगृहास आग लागून १४ जण गेले. एकत्रित आराखड्याचा अहवाल तेव्हा एकवीस वर्षांचा जुना झाला होता.

कामगारांच्या घरांचे काय झाले? संघटनांनी वर्षानुवर्षे मोर्चे काढल्यानंतर २८ जून २०१२ रोजी म्हाडाने पहिली सोडत काढली. घरे ६,९२५, प्रत्येकी २२५ चौरस फुटांची, किंमत साडेसात लाख रुपये. २०१६ साली आणखी दोन सोडती झाल्या, एक २,६३४ घरांची व दुसरी पनवेलजवळील कोन येथील २,४१७ घरांची. १ मार्च २०२० रोजी ३,८९४ घरांची सोडत निघाली. बेरीज १५,८७० होते. अर्ज होते दीड लाखांच्या आसपास, म्हणजे दर दहा अर्जदारांत जेमतेम एकास घर लागले. सोडतीच्या चिठ्ठीत नाव निघाले तेव्हा अनेक मूळ कामगार हयात नव्हते, कागदपत्रे घेऊन वारसच रांगेत उभे राहिले. तरीही ज्यांना लालबाग-परळमध्येच घर मिळाले, त्यांनी उंच इमारतीतही सत्यनारायण, हळदीकुंकू आणि गणपती चाळीप्रमाणेच मांडले. दारे मात्र आता बंद असतात, असे त्या घरांतील वडीलधाऱ्या स्त्रिया सांगतात.

उरलेल्यांसाठी शासनाने २०२४ साली शेलू व वांगणी येथे सुमारे ८१ हजार घरांची योजना पुढे केली. ही दोन्ही स्थानके कर्जतच्या वाटेवर, परळपासून लोकलने तासाहून अधिक अंतरावर आहेत. जुलै २०२५ मध्ये पिकल्या केसांचे गिरणी कामगार व त्यांचे वारस आझाद मैदानावर जमले. घर हवे, पण ते मुंबईतच हवे, एवढीच त्यांची मागणी होती.