बाजीरावांचे ऋण

थोरले बाजीराव पेशवे २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदातीरी रावेरखेडी येथे निवर्तले. त्यांच्या घोडदौडीच्या कथा आपण पुष्कळ ऐकतो. मागे राहिलेल्या कर्जाची आठवण मात्र क्वचितच निघते. मोहीम म्हटली की फौजेचा खर्च आधी आणि वसुली मागाहून. मधली तूट सावकारांकडून भरून काढावी लागे. धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींसारख्या गुरूंचेही द्रव्य त्यात गुंतलेले होते.

हा भार नानासाहेबांवर आला तेव्हा त्यांनी विशीही ओलांडली नव्हती. आज ज्याला आपण एक्झिक्युटर म्हणतो त्याचेच हे काम. परंतु आधाराला ना मृत्युपत्र, ना प्रोबेट. बारामतीचे बाबूजी नाईक हे पेशव्यांचे सोयरे आणि सावकारही. पेशवेपद त्यांनाच मिळावे म्हणून नागपूरकर रघूजी भोसल्यांनी खटपट केली. ती फसली. शाहू महाराजांनी २५ जून १७४० रोजी नानासाहेबांना वस्त्रे दिली, आणि नाईकांनी आपल्या रकमेचा तगादा लावला. नाईकांना त्यासाठी खलपुरुष ठरविण्याची आपल्याकडे चाल आहे. हेतू कसाही असो, त्यांचे येणे तर खरे होते! अखेर महादोबा पुरंदरे यांनी आपली पत पणाला लावून नानासाहेबांना त्या जाचातून सोडविले.

पित्याचे ऋण पुत्राने का फेडावे? कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयाने विज्ञानेश्वरांनी लिहिलेल्या मिताक्षरेत हे पुत्राचे कर्तव्यच मानले आहे. मद्य, द्यूत, स्त्रीलंपटपणा यांपायी झालेले कर्ज तेवढे वगळलेले. वारशात एक कवडी न मिळाली तरी मुलगा सुटत नसे. मुंबई इलाख्यात १८६६ च्या कायद्याने ही जबाबदारी हाती आलेल्या मालमत्तेपुरती मर्यादित केली. आणि हिंदू वारसा कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीनंतर घेतलेल्या कर्जाबाबत केवळ धर्मकर्तव्य म्हणून मुलावर दावा चालत नाही.

प्रोबेट घेणाऱ्या एक्झिक्युटरला मात्र १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याने पक्का क्रम घालून दिला आहे. सहा महिन्यांत मालमत्तेची यादी व वर्षाच्या आत हिशेब न्यायालयात दाखल करावयाचा. पैसा द्यावयाचा तो प्रथम अंत्यविधी व अखेरच्या आजाराच्या खर्चासाठी, मग प्रोबेटच्या खर्चासाठी. त्यानंतर मृत्यूपूर्वीच्या तीन महिन्यांत मजूर, कारागीर किंवा घरच्या चाकराने केलेल्या कामाच्या वेतनासाठी. नाईकांसारख्या सावकाराची पाळी त्या चाकरानंतर येते, आणि मृत्युपत्रात ज्यांना काही ठेवले असेल त्यांची सर्वांत शेवटी.